डावं दार

पतपेढीचं कर्ज काढून घेतली, एकतीस हजारांना,
पिस्ता रंगाची फियाट.
माझ्याहून वयानं लहान, आणि माझ्याहून थकलेली.
नेरुळला, सिडकोच्या आमच्या बिल्डिंगखाली ती उभी राहिली तेव्हा
तळमजल्यावरच्या नंबियारांनी विचारलं, "चालते?"
मी म्हटलं, "आली ना इथपर्यंत."
शेवटचा फर्लांगभर ढकलत आणली होती,
ते सांगायची गरज नव्हती.

श्रीरंग तेव्हा दोहाला.
घरात मी आणि सासूबाई,
आणि दोघींच्या मध्ये अख्खा हॉल.
"कुकर लावलाय." "दूध आलंय."
एवढ्यावर आमचा महिना निघायचा.

तिचं डावं दार आतून उघडायचं नाही.
मी इंजिन चालूच ठेवून, कारण बंद करायची हिंमत कोणाची,
उतरायचे, वळसा घालायचे, दार उघडून धरायचे,
मग त्या उतरायच्या, पदर सावरत, मंत्रीणबाईंसारख्या.
सेक्टरभर झालं: सून बघा, काय मान ठेवते!
मी खुलासा केला नाही.
त्यांनीही नाही.

पदाजी म्हात्रेचं गॅरेज सानपाड्याला.
बॉनेटमध्ये कमरेपर्यंत बुडून तो म्हणाला,
"ताई, ही गारी नाय, ही सासू हाय.
इचा मूड बघूनच चावी फिरवाची."
डोकं वर काढतो, तर समोर सासूबाई.
त्यांनी शांतपणे विचारलं,
"आणि इंजिनात सून कुठली?"
त्या दिवशी पदाजीनं पैसे घेतले नाहीत.

शनिवारी तुर्भ्याच्या मार्केटला जायचो.
जाताना नीट जायची.
येताना, ओझं बघून की काय,
पुलाचा चढ संपतो तिथे खोकायची,
एक गचका, दुसरा गचका, गप्प.
मी चोक ओढायचे, नखांच्या कानशीनं पॉइंट घासायचे,
रेडिएटरला बाटली पाजायचे.
सासूबाई मांडीवर पिशवी घेऊन मटार सोलायच्या.
गाडी सुरू होईपर्यंत दोन किलो व्हायचे.
त्या थंडीत आम्ही घरात एक शेंग सोलली नाही.

आणि सोलता सोलता बोलायच्या,
समोरच्या काचेकडे बघत, जणू मला नाही, वायपरला सांगताहेत:
चिपळूणला भावाची सायकल होती,
दांडीखालून पाय घालून त्या शिकल्या होत्या, दोन दिवस.
तिसऱ्या दिवशी वडिलांनी चाकांतली हवा सोडली
आणि पंप कपाटात ठेवला.
"पंप," त्या म्हणाल्या. "कुलपात."
एक शेंग बराच वेळ हातात राहिली.

मला काय झालं कोण जाणे.
म्हटलं, "इकडे बसा. धक्का मी मारते."
दुसरा गिअर टाकून दिला,
क्लच कधी सोडायचा ते दोनदा सांगितलं.
ब्रेकचं राहिलं.
दोन माथाडी आले, कमरेचे हूक सांभाळत,
तिघांनी मिळून उताराला लावली,
आणि त्या दिवशी, कधी नव्हे ती, पहिल्या धक्क्यात धरली.

मी मागे धावतेय, चपला हातात,
पुढे फियाट, मागच्या काचेत त्यांचा अंबाडा, ताठ,
सानपाड्याच्या दिशेनं, मटारासकट.
माथाडी ओरडला, "बाय, आजी गेली!"

थांबवायची कशी, त्यांना माहीत नव्हतं.
थांबवावीशी वाटलीही नसेल.
पुढे बाभळींपाशी तिची तीच बंद पडली,
पहिल्यांदाच वेळेवर.

धापा टाकत पोचले.
स्टिअरिंग दोन्ही हातांत तसंच,
मटार सगळे खाली, क्लचपाशी, ब्रेकपाशी.
"हवा आहे गं चाकांत,"
एवढंच म्हणाल्या.

दर रविवारी श्रीरंगचा फोन: "विकून टाका ती."
आम्ही दोघी "हो" म्हणायचो.
असं तीन वर्षं म्हटलं.

आताची गाडी बटणावर सुरू होते. चारही दारं शहाणी.
परवा मार्केटहून आले,
इंजिन चालूच ठेवून उतरले, वळसा घालून डावीकडे गेले,
दार उघडलं, जरा वेळ धरून उभी राहिले.
सीटवर पिशवी होती.
ती घेतली.